गाभण मुशी आणि समुद्राचे मीठ

मुशी अंडी घालत नाही. ती पिल्लांना जन्म देते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांत जाळ्यातून येणारी, फावड्यासारख्या चपट्या नाकाची ही छोटी शार्क शास्त्रात ‘स्कोलिओडॉन लॅटिकॉडस’ या नावाने ओळखली जाते. तिची लांबी क्वचितच सत्तर सेंटिमीटरच्या पुढे जाते. तिच्या गर्भाशयात पिल्ले नाळेने आणि वारेने आईला जोडलेली असतात आणि जन्मतात तेव्हा वीतभरही नसतात, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरची. आई राहते त्या समुद्राच्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. आईचे रक्त मात्र इतके खारट नसते. बाहेरचे मीठ सतत आत येऊ पाहते; ते स्वतःपासून आणि पोटातल्या पिल्लांपासून दूर ठेवण्याचे काम गाभण मुशीला काही महिने अखंड करावे लागते. या कामावर हॉर्मोनांचे नियंत्रण असते. ते कसे चालते हे कळायला फार काळ लागला आणि त्या कथेतला एक महत्त्वाचा भाग मुंबईच्या मासळी खात्यात घडला.

काही शार्क पोटात वारेवर पिल्ले वाढवतात, हे सर्वांत आधी ॲरिस्टॉटलने नोंदवले. गुळगुळीत कातडीच्या एका मुशीचे पिल्लू नाळेने गर्भाशयाला जोडलेले असते आणि ही रचना चतुष्पाद प्राण्यांसारखीच दिसते, असे त्याने लिहिले. माशाला वार असते यावर पुढच्या अभ्यासकांचा फारसा विश्वास बसला नाही आणि हे निरीक्षण दोन हजार वर्षे जवळजवळ अडगळीत पडून राहिले. १८४२ मध्ये बर्लिनच्या योहानेस म्युलरने ॲरिस्टॉटलच्या त्याच मुशीवर प्रबंध लिहून त्याचे म्हणणे खरे ठरवले. याच म्युलरने त्याआधी याकोब हेन्लेबरोबर शार्क व पाकटांचे मोठे वर्गीकरण केले होते आणि भारतीय समुद्रातल्या मुशीला ‘लॅटिकॉडस’ हे नाव १८३८ मध्ये त्या दोघांनीच दिले. वार असलेल्या माशांत सर्वांत पुढारलेली वार याच मुशीची आहे, हे तेव्हा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भारतीय किनाऱ्यावर या विषयाला हात घातला तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमशी संबंधित माणसांनी. सागरी सर्वेक्षणाच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर शल्यविशारद आणि निसर्गतज्ज्ञ म्हणून काम करणारा आल्फ्रेड अल्कॉक आणि म्युझियमचा अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांनी १८९०च्या सुमारास पाकटांची व मुशींची गर्भाशये उघडून पाहिली. एका पाकटाच्या गर्भाशयाच्या अस्तराला असंख्य बोटांसारखे उंचवटे असून त्यांतून दुधासारखा द्रव पाझरतो आणि पिल्लू तो पिते, असे त्यांना आढळले. म्हणजे आई पिल्लाला नुसती सांभाळत नव्हती, पोसतही होती. त्या द्रवात काय विरघळलेले आहे, मीठ किती आणि पाणी किती, हे प्रश्न त्या काळात कोणी विचारले नाहीत. शरीररचना आधी आणि शरीरक्रिया नंतर, हा तेव्हाचा रिवाजच होता.

मुशी कॉलेजांतल्या विज्ञानशिक्षणात आली ती १९२८ मध्ये. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजच्या प्राध्यापिका एव्हँजेलिन थिल्लयम्पलम यांनी ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेत स्कोलिओडॉनवर एक सविस्तर पुस्तिका लिहिली. त्यानंतर कित्येक दशके भारतातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फॉर्मॅलिनच्या वासात हीच मुशी चिरली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही तीच पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये आली. पचनसंस्था उघडताना आतड्याच्या शेवटाला एक छोटी, बोटासारखी ग्रंथी दिसे. विद्यार्थी वहीत तिचे चित्र काढत, तिला ‘गुदग्रंथी’ असे नाव देत आणि पुढे जात, कारण तिचे काम काय हे पाठ्यपुस्तकालाही सांगता येत नव्हते. समुद्राच्या मिठाचा बराचसा हिशेब त्या दुर्लक्षित बोटात होता.

दुसऱ्या महायुद्धात मुशीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. नॉर्वेकडून येणारे कॉड माशाच्या यकृताचे तेल बंद झाले, जीवनसत्त्व ‘अ’ मिळवण्यासाठी शार्कच्या यकृताला मागणी आली, आणि मद्रास व मुंबई प्रांतांत असे तेल काढण्याचे उद्योग उभे राहिले. कोणती शार्क केव्हा सापडते, किती वाढते, केव्हा वीण होते, ही माहिती एकाएकी उपयोगाची ठरली. मुंबईच्या मासळी खात्यातले पी. एन. सारंगधर यांनी १९४३ मध्ये वाघशार्कच्या आहारावर आणि विणीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. मद्रासकडे जी. महादेवन यांनी १९४० मध्येच काही भारतीय शार्कांचे गर्भाशय आणि वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. मग १९४८ मध्ये खात्याचे प्रमुख एस. बी. सेटना आणि सारंगधर यांनी मिळून कोकण किनाऱ्याच्या मुशीवर तिचे वर्णन, राहणी आणि गर्भवाढ यांचा प्रबंध ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये छापला, पुढच्या वर्षी मुंबईच्या शार्क व पाकटांच्या विणीवर आणखी एक लेख आला. युद्ध संपले, यकृत-तेलाचा भाव उतरला, पण हे दोन प्रबंध टिकले. जगभरच्या शार्क-वाङ्मयात मुंबईचे नाव आजही त्यांच्यामुळे येते. सरकारी खात्यात बसून, लिलावाच्या मासळीतून नमुने काढून केलेले ते काम आहे आणि त्याचे मोल त्या वेळी फारसे ओळखले गेले नाही.

या अभ्यासांतून आणि १९९३ मध्ये अमेरिकन संशोधक जॉन वुर्म्स यांनी केलेल्या फेरतपासणीतून मुशीच्या गर्भारपणाचे चित्र स्पष्ट झाले. बहुतेक शार्कांचे अंडे पिवळ्या बलकाने भरलेले, कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाएवढे किंवा त्याहून मोठे असते. पिल्लू त्या शिदोरीवर वाढते. मुशीचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे आणि जवळजवळ बिनबलकाचे असते. त्यामुळे गर्भ फार लवकर गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो, तिथे अस्तराचा एक रक्तवाहिन्यांनी भरलेला पेला तयार होतो आणि गर्भ त्यातून आईच्या रक्तावर वाढतो. नाळेवर बारीक शेंड्यांसारखे तंतू उगवतात. तेही शोषणाचे काम करतात. एका अंड्यापासून जन्मापर्यंत वजनात होणारी वाढ शार्कांत विक्रमी ठरावी इतकी आहे. याचा परिणाम असा की या पिल्लाच्या वाट्याला येणारे पाणी, मीठ आणि नायट्रोजन यांचा प्रत्येक कण आईच्या रक्तातून येतो. आईचे रक्त जसे असेल तसे पिल्लाचे पाणी.

म्हणून आईच्या रक्ताकडे वळावे लागते. १८५८ मध्ये स्टेडेलर आणि फ्रेरिक्स या जर्मन संशोधकांना शार्कच्या शरीरात विलक्षण प्रमाणात युरिया आढळला. माणसाच्या रक्तात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी युरिया असतो. शार्कच्या रक्तात तो वीस ग्रॅमच्या आसपास असतो. इतका युरिया माणसाला जगू देणार नाही. मग शार्क तो का साठवते? याचे उत्तर न्यूयॉर्कच्या होमर स्मिथने दिले. १९३१ मध्ये त्याचा पहिला मोठा निबंध आला आणि १९३६ मध्ये दुसरा. त्याने दाखवले की शार्कच्या रक्तातले सोडियम समुद्राच्या निम्म्याहून थोडे अधिक असते. उरलेली जागा युरिया भरून काढतो. रक्त आणि समुद्र यांची एकूण तीव्रता त्यामुळे जवळजवळ सारखी, किंबहुना रक्ताची किंचित जास्त राहते. परासरणाने पाणी बाहेर खेचले जात नाही, उलट थोडे आतच येते. हाडांच्या माशांना समुद्राचे पाणी पिऊन मीठ बाहेर टाकत बसावे लागते. शार्कला तहान लागत नाही.

मालवणी स्वयंपाकघराला या युरियाची ओळख वेगळ्या वाटेने झालेली आहे. मुशी मेल्यावर जीवाणू युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, म्हणून शिळ्या मुशीला नाकात जाणारा उग्र वास येतो. ती ताजीच साफ करावी, मसाला तिखट लावावा, हा रिवाज त्याला धरूनच आहे. 

युरियाने पाण्याचा प्रश्न सुटला, मिठाचा सुटला नाही. बाहेर सोडियम जास्त, आत कमी. कल्ल्यांतून आणि अन्नातून ते येतच राहते. १९६० मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरील माउंट डेझर्ट आयलंड प्रयोगशाळेत वेंडेल बर्जर आणि वॉल्टर हेस यांनी काटेरी डॉगफिश या शार्कच्या गुदग्रंथीत नळी घालून तिचा स्राव गोळा केला. तो स्वच्छ, जवळजवळ निव्वळ मिठाचे पाणी होता आणि त्यातले मीठ रक्ताच्या सुमारे दुप्पट होते. विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या फक्त चित्र काढलेल्या त्या बोटाचे काम अखेर कळले: ते मिठाचे गाळणे नव्हे, मिठाचा पंप आहे.

पंप सतत चालत नाही. रक्ताचे आकारमान वाढले, मीठ जास्त झाले की तो सुरू होतो. त्याला सुरू कोण करते याचा शोध दोन टप्प्यांत लागला. १९७९ मध्ये स्टॉफ, सिल्वा, एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आतड्याच्या मज्जातंतूंतून पाझरणारे व्हीआयपी नावाचे पेप्टाइड ग्रंथीला जागे करते. नंतर लक्षात आले की त्याच्या आधी हृदय बोलते: रक्त भरून ताण आला की हृदयाच्या भिंतीतून एक पेप्टाइड निघते आणि तेच व्हीआयपीला वाट करून देते. शार्कच्या हृदयातले हे पेप्टाइड सस्तन प्राण्यांच्या हृदयातील मीठ-विसर्जक हॉर्मोनांच्या कुळातले आहे. दुसरे हॉर्मोन मूत्रपिंडांच्या मधल्या एका स्वतंत्र ग्रंथीतून येते. १९६६ मध्ये कॅनडातल्या आयडलर आणि ट्रस्कॉट यांना पाकटाच्या रक्तात एक नवे स्टिरॉइड सापडले, १-अल्फा-हायड्रॉक्सीकॉर्टिकोस्टेरॉन. सस्तन प्राण्यांत मीठ धरून ठेवण्याचे काम अल्डोस्टेरॉन करते. शार्क व पाकट यांच्यात त्याची जागा या स्टिरॉइडने घेतलेली आहे. अल्डोस्टेरॉन स्वतः १९५३ मध्ये लंडनमध्ये सिल्विया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडच्या रसायनज्ञांच्या साथीने वेगळे केले होते, त्यामुळे अशा स्टिरॉइडांचा माग काढण्याचे तंत्र तोवर तयार झाले होते.

गर्भारपणात हे सगळे कसे बदलते, याचा सर्वांत चांगला अभ्यास झाला तो मुशीवर नव्हे, काटेरी डॉगफिशवर, कारण त्याचे गर्भारपण सुमारे बावीस ते चोवीस महिने चालते आणि अभ्यासकाला भरपूर वेळ देते. या शार्कला वार नसते. पिल्लू बलकावर वाढते. पहिले काही महिने गर्भ एका पातळ पारदर्शक पिशवीत बंद असतात. १९६७ मध्ये प्राइस आणि डायबर यांनी निरनिराळ्या शार्कांच्या गर्भाशयातले द्रव तपासले. पिशवी असेपर्यंत आतला द्रव आईच्या रक्ताशी बराच मिळताजुळता असतो. पिशवी फुटली की चित्र पालटते: आई गर्भाशयात समुद्राचे पाणी घेऊ लागते आणि गर्भाशयातला द्रव समुद्राच्या जवळ जातो. म्हणजे पिल्लू जन्मण्याआधी कित्येक महिने खऱ्या समुद्रात राहायला शिकते, पण आईच्या पोटात. १९८२ मध्ये डेव्हिड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशी जन्माआधीची पिल्ले आपले मीठ स्वतः सांभाळू शकतात. वार असलेल्या गुळगुळीत मुशीत, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मुशीच्या नात्यात, द्रव मात्र आईच्या रक्ताकडे झुकलेला राहतो. वार जितकी पक्की, तितका आईचा मिठावर ताबा जास्त काळ, असा अर्थ यातून निघतो.

पोटाचे दार केव्हा उघडायचे, हे हॉर्मोने ठरवतात. बोस्टनच्या इयन कॅलर्ड यांच्या गटाने गाभण डॉगफिशच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रॅडायॉल मोजले. पूर्वार्धात प्रोजेस्टेरॉन वरचढ असते, पिल्ले सुरुवातीला पिशवीत असतात, गर्भाशय बंद असते. उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन उतरते, इस्ट्रॅडायॉल वाढते आणि समुद्राचे पाणी आत येऊ लागते. आणि इथेच रिलॅक्सिन या कथेत येते. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगच्या ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल करणारे हे हॉर्मोन ओळखले आणि ते सस्तन प्राण्यांचेच असेल असा समज बराच काळ राहिला. ख्रिस्तियान श्वाबे यांच्या गटाने १९८१ मध्ये सँड टायगर शार्कच्या अंडाशयातून मिळवलेल्या रिलॅक्सिनची रचना प्रसिद्ध केली. पुढे डॉगफिशचेही रिलॅक्सिन मिळाले. १९८४ मध्ये गाभण डॉगफिशला रिलॅक्सिन टोचल्यावर तिच्या गर्भाशयाचे मुख मोठे झाले आणि अपुऱ्या वाढीची पिल्ले बाहेर पडली. मिठाचा दरवाजा आणि बाळंतपणाचा दरवाजा एकच आहे.

सस्तन प्राण्यांत प्रश्न उलटा असतो, पण पात्रे बहुतेक तीच. डोंगराळ, पावसाने धुतलेल्या जमिनीवर सोडियम दुर्मीळ असते. गाभण मादीला ते कमवावे लागते. बाल्टिमोरमध्ये कर्ट रिक्टर यांनी १९३६ मध्ये अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना मिठाचे पाणी निवडू दिले. त्यांनी भरपूर मीठ पिऊन स्वतःला वाचवले. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत गाभण उंदरीणही अधिक मीठ घेते, असे दिसले. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात डेरेक डेंटन आणि सहकाऱ्यांनी रानटी सशिणींवर केलेल्या कामात गर्भारपणाच्या हॉर्मोनांनीच ही मिठाची भूक वाढते असे दाखवले. १९५८ मध्ये लँडाऊ आणि लुगिबिल यांनी मानवांत प्रोजेस्टेरॉन अल्डोस्टेरॉनला अडवते आणि सोडियम सोडायला लावते हे दाखवले होते. म्हणूनच गर्भवतीच्या शरीरात अल्डोस्टेरॉन वाढते, तरी मीठ बेसुमार साचत नाही. गर्भारपण संपेपर्यंत आई सुमारे ९०० मिलिमोल सोडियम राखून ठेवते, तरीही रक्ताची तीव्रता घटते. ती घटवण्यात रिलॅक्सिनचा हात असल्याचे २००१ मध्ये उंदरांवर सिद्ध झाले: त्याला प्रतिद्रव्याने रोखले की मूत्रपिंड आणि रक्ताचा हा बदल होतच नाही. म्हणजे शार्कच्या गर्भाशयाचे मुख उघडणाऱ्या रेणूच्या नातेवाइकाने उंदरिणीच्या रक्ताची तीव्रता बेतली आहे.

डॉक्टरी व्यवहारात हे पचायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यावर गर्भवतीचे पाय सुजले की मीठ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. १९५८ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील मार्गारेट रॉबिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक गर्भवतींत तुलना केली. मीठ कमी करायला सांगितलेल्या गटात गर्भविषबाधा अधिक आढळली. या एका अभ्यासाने प्रश्न मिटला नाही, पण मिठाची सक्तीची बंदी नुसत्या अंदाजावर उभी आहे एवढे उघड झाले.

मालवणच्या समुद्रात पिल्लांना जन्म देणारे आणखी एक कुळ आहे, समुद्रसापांचे. ते बहुधा जन्मभर समुद्र सोडत नाहीत आणि जिवंत पिल्ले देतात. त्यांच्या मिठाची ग्रंथी जिभेखाली असते. विल्यम डन्सन यांनी १९७१ मध्ये तिचे काम दाखवले. तरीही ग्रंथी सर्व भार पेलत नाही: हार्वे लिलीव्हाइट यांच्या अभ्यासांत पिवळ्या पोटाचे समुद्रसाप महिनोन् महिने कोरडे राहून पावसाचे गोडे पाणी पृष्ठभागावर आल्यावर ते पिताना आढळले. या कुळाकडे मालवणचे लक्ष अलीकडे गेले आहे. २००२-०३ मध्ये आरन लोबो यांनी कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणाऱ्या सापांत हायड्रोफिस कर्टसचे वर्चस्व नोंदवले होते. दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी दीड दशकानंतर पाहिले तेव्हा हायड्रोफिस शिस्टोसस पुढे आला होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने या बदलाचा संबंध मासेमारीशी जोडला.

शिवाय गाभण मादी जाळ्यात येणे ही मुशीच्या आणि समुद्रसापाच्या बाबतीत सारखीच घटना आहे. वर्षाला थोडीच पिल्ले देणाऱ्या प्राण्यांना ती हाडांच्या माशांपेक्षा जास्त महागात पडते. मुशी आंतरराष्ट्रीय यादीत ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे, आणि मुशी त्या हद्दीबाहेरच्या पाण्यातही तितकीच येते.

मुशीच्या वारेची शरीररचना मुंबईहून जगाला मिळाली, तर गर्भारपणातले मीठ, युरिया आणि हॉर्मोन यांची बहुतेक मोजमापे थंड उत्तर अटलांटिकच्या वार नसलेल्या डॉगफिशवर झाली. दोन्ही एकत्र वाचून जो निष्कर्ष निघतो तो उष्ण पाण्यातल्या, पक्क्या वारेच्या प्राण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. डॉगफिशमध्ये गर्भाशय समुद्राला उघडते; मुशीची वार जन्मापर्यंत आईच्या रक्ताशी जोडलेली राहते, त्यामुळे तिच्याबाबत तोच क्रम गृहीत धरणे चूक ठरेल. तिच्यात काय घडते ते मोजूनच पाहावे लागेल. सोडियम मोजायला जिल्ह्याच्या कोणत्याही साध्या रोगनिदान प्रयोगशाळेतले यंत्र पुरते आणि युरियाही तिथेच मोजता येतो. रत्नागिरीच्या शिरगावात १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, आणि मुशी मालवणच्या बंदरात लिलावाला येते.